मशीन अजून बंद आहे

मशीन सुरू झालं नाही. म्हणजे चारुतानं बटण दाबलं, दिवा लागला, आत काहीतरी घुरघुरलं, काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी नेहमीसारख्या भराभर वर पळाल्या, आणि ती चहाचा कप टेबलावर टेकवते न टेकवते तोच सगळं गप्प. दिवासुद्धा गेला. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा दिवा, पुन्हा ओळी, पुन्हा गप्प. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. कम्प्युटरच्या कॅबिनेटच्या डोक्यावर कालचा झेंडू तसाच होता, जाळीवर हळदीकुंकवाची बोटं, त्यावर सासूबाईंनी सढळ हातानं टाकलेल्या अक्षता, आणि या सगळ्या थाटाखाली ते खोकं लग्नात रुसलेल्या आत्यासारखं ढिम्म. घाबरायला हवं होतं खरं तर; पण घाबरायच्या आधी चारुताला राग आला, आणि तो मशीनचा नव्हता. आतल्या खोलीत तिचा नवरा झोपला होता. आता त्याला उठवावं लागणार, "निनाद, बघ ना जरा" असं म्हणावं लागणार, त्या 'ना'सकट, आणि मग तो डोळे चोळत बाहेर येणार आणि त्याच्या चेहऱ्यावर तो आनंद दिसणार. त्या आनंदाचाच तिला राग आला होता, तो दिसायच्याही आधी.

चारुता घरी बसून डीटीपी करायची. "अजून चालतं ते?" असं नवीन पनवेलच्या त्यांच्या सोसायटीतल्या बायका विचारायच्या, जसं काही ती जात्यावर पीठ दळतेय. चालत होतं. लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, आणि वर्षातून एकदा गव्हाणच्या महादेव मास्तरांचा 'खाडीकाठ' नावाचा दिवाळी अंक. मास्तर शाळेतून कधीचे निवृत्त झालेले, जमिनी प्रकल्पात गेलेल्या, मुलांनी उरलेल्या तुकड्यावर इमारती उठवलेल्या. मास्तरांना मात्र एकच वेड, की मिठागरावरच्या, होडीवरच्या, शेतावरच्या माणसांनी लिहावं आणि ते नीट छापलं जावं. नीट म्हणजे त्यांच्या पसंतीच्या अक्षरात. तो फॉण्ट जुना होता. त्यातला ल आणि श शाळेच्या पहिल्या पुस्तकात असायचा तसा, गोलसर, पोटभर जेवलेला. एकदा तिनं नव्या फॉण्टात नमुना करून दाखवला तेव्हा मास्तरांनी कागद लांब धरून बघितला आणि परत दिला. "ह्यो ल आमचा नाय, चारुताबाई," ते म्हणाले. "कुनाचा हाय त्याचा त्याला मायीत. आमच्या मानसांचं आमच्या अक्षरात पायजे." आता हा फॉण्ट आणि पानं लावायचं ते जुनं सॉफ्टवेअर जुन्या मॅकच्या सिस्टिमवरच चालायचं, नव्यावर नाही, आणि मॅक घ्यायची ऐपत त्यांची तेव्हा नव्हती. म्हणून निनादनं सुटे भाग जमवून साधा पीसी बांधला होता आणि त्याच्यावर ती सिस्टिम चढवली होती. जगातली कुठलीच कंपनी आपलं म्हणणार नाही असं ते मशीन. मास्तरांचा अंक आत्ता त्याच्या पोटात होता. पानं लागलेली, शेवटच्या एका लेखाच्या दुरुस्त्या तेवढ्या राहिलेल्या, आणि प्रेसवाल्यानं बुधवारची वेळ दिलेली. बुधवार चुकला की प्रेस थेट दिवाळीनंतर मोकळी, आणि दिवाळीनंतरचा दिवाळी अंक म्हणजे बारसं झाल्यावर पोचलेली लग्नपत्रिका. बॅकअप होता, वेगळ्या डिस्कवर होता, पण तो उघडायचा कुठं? याच मशीनवर. अंक हुकला असता तर मास्तरांनी काम काढून घेतलं असतं, आणि मार्च महिन्यापासून या घरात जे काही येत होतं ते या कामातूनच येत होतं. हे घरातल्या तिघांपैकी दोघांना माहीत होतं.

"निनाद, मशीन सुरू होत नाहीये. बघ ना जरा."

तो ताडकन उठून बसला. एरवी तीनतीनदा हाक मारल्यावर कूस बदलणारा माणूस! "काय होतंय? ओळी येतात? कुठल्या ओळीवर थांबतंय?" आणि उत्तराची वाट न बघता बनियनवरच हॉलमध्ये. झेंडू उचलून टीव्हीवर ठेवला, कॅबिनेट आडवं केलं, स्क्रूड्रायव्हर मागितला, टॉर्च मागितली, जुनं वर्तमानपत्र मागितलं. बूटलोडर असेल, तो म्हणाला. किंवा मेमरी. किंवा बोर्डावरची बॅटरी उतरली असेल, मग वेळ चुकते, मग सिस्टिमला संशय येतो. हे शब्द तो असे तोंडात घोळवत होता की जसं काही दिवाळीचा फराळ आधीच सुरू झालाय. चारुता उभी राहून बघत होती. मार्चपासून वाकलेली त्याची पाठ सरळ झाली होती. घरात कुणाला ताप आला असता, नळ फुटला असता, तर हा माणूस असा उठला असता का? नाही. माझंच मशीन बंद पडायला हवं. मी अडायला हवी. मग याच्या अंगात येतं.

आणि तरी एके काळी याच अंगात येण्यावर ती भाळली होती, हेही तिला आठवलं आणि त्याचाही राग आला. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, कामोठ्याला भाड्याच्या खोलीत राहत होते. पलंगभर बोर्ड, वायरी, स्क्रूच्या पुड्या. झोपायला जागा नाही म्हणून दोघं खाली चटईवर. कितीतरी रविवार त्यात गेले. आणि मग एका दुपारी, खालच्या क्लासमधली पोरं पाढ्यांवरून ओरडत असताना, पडद्यावर मॅकचं ते उष्टं सफरचंद उगवलं. निनादनं तिला उचललंच. मग श्वास परत आल्यावर त्यानं पाठीमागे खोचलेला काळा बुटका पेनड्राइव्ह दाखवला. "मशीन सुरू झालं की सगळ्यात आधी हा बोलतो," तो म्हणाला. "हा सिस्टिमला सांगतो, बाई, तू मॅकवरच आहेस, घाबरू नकोस. तिचा विश्वास बसतो आणि ती कामाला लागते. हा काढला की खेळ खलास." "म्हणजे रोज सकाळी उठून खोटं सांगायचं?" तिनं विचारलं होतं. "रोज सकाळी!" असं म्हणून दोघं पोट धरधरून हसले होते. कुणी रद्दीत टाकू नये म्हणून तिनं त्या पेनड्राइव्हवर आपल्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. तो ठिपका घासून घासून अर्धा राहिला तरी रोज सकाळी तेच चालू होतं. आधी मशीनशी, आणि आता आईंशी.

कारण मार्चमध्ये निनादची नोकरी गेली होती. महापेला कंपनीत बोलावलं, लॅपटॉप आणि गळ्यातलं कार्ड ठेवून घेतलं, पाणी हवं का विचारलं, झालं. घरी येऊन त्यानं चारुताला सांगितलं, आणि वर म्हणाला, "आईला आत्ता नको. दुसरी मिळाली की एकदमच सांगू." तिला पटलं नव्हतं, पण ती हो म्हणाली. आता रोज सकाळी तो दाढी करायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि बेडरूमचं दार लावून आत बसायचा. वर्क फ्रॉम होम. सासूबाई, कुमुदताई, टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघायच्या. मुलगा मीटिंगमध्ये आहे म्हणून कुकरची शिट्टी व्हायच्या आत धावत जाऊन गॅस बारीक करायच्या. आणि मुलगा आत काय करत असायचा? कानात इयरफोन घालून, परदेशातला कुणीतरी दाढीवाला भंगारातले कम्प्युटर जिवंत करतो ते तासन् तास बघायचा. चारुतानं एकदा दार ढकललं तेव्हा त्यानं मोबाइल उशीखाली सारला होता, चाळीशी गाठलेल्या माणसानं! तेव्हापासून ती दार ठोठावून आत जायची. या घरात खोटं सांगितल्याशिवाय काही सुरूच होत नाही, असं तिला वाटायचं, आणि भांडी घासताना ती आपटायची.

काल तर कहरच झाला होता. कुमुदताईंचे यजमान तळोज्याला कारखान्यात लेथवर होते. दसऱ्याला ते मशीन धुऊन पुसून, हार घालून, पेढे घेऊन घरी यायचे. त्या दिवशी लोखंडाला राबवायचं नाही, असा त्यांचा दंडक. तो दंडक कुमुदताईंनी त्यांच्यामागे पाळला होता. म्हणून आदल्या संध्याकाळी चारुतानं मशीन बंद केलं होतं, अंक अडलेला असतानाही केलं होतं. कारण काही गोष्टींवर वाद घालायला माणसाकडे ताकद उरलेली असावी लागते. दसऱ्याला कुमुदताई ताम्हन घेऊन आल्या. कुंकवात भिजवलेल्या ओल्या अक्षता मुठीत. "निनाद, तुझा लॅपटॉप आण रे," त्या म्हणाल्या. "त्यालाही दोन बोटं लावते. लक्ष्मी ती." निनाद खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ऑफिसात आहे, आई. सर्व्हिसिंगला दिलाय." "ऐन सणाला?" असं म्हणून त्यांनी मुठीतल्या अक्षतांकडे बघितलं. मग लॅपटॉपच्या वाट्याच्या अक्षताही त्यांनी चारुताच्या मशीनवरच टाकल्या. चारुता निनादकडे बघत राहिली. एकदा तरी माझ्याकडे बघ, असं तिला ओरडावंसं वाटलं. तो आरतीची घंटा शोधायला गेला.

आणि आता हा माणूस हॉलमध्ये मांडी ठोकून बसला होता, सगळ्यांच्या देखत. "आई, मी चार दिवस रजा टाकतोय," त्यानं सांगून टाकलं. "चारूचं काम अडलंय, ते आधी." कुमुदताईंना काय आनंद! "टाक बाबा टाक रजा. एवढा राबतोस, कधी म्हणून हक्काची घेत नाहीस." चहा आला. पाठोपाठ शंकरपाळे आले, जे दिवाळीला तळायचे होते. चारुतानं पनवेलच्या दोन दुकानांत फोन केले. मशीनची हकिगत ऐकून एकानं "मॅडम, ये ना मॅक है ना पीसी, इसको हम हाथ नहीं लगाते" म्हणून ठेवून दिला, आणि दुसरा हसला. म्हणजे हाच. त्याच्याशिवाय कुणी नाही. संध्याकाळी तो टॉर्च दातात धरून आत डोकावत होता, आणि एकदम "अरे!" म्हणाला. चारुता स्वयंपाकघरातून धावत आली. "काय मिळालं?" निनादनं टॉर्च तोंडातून काढली. क्षणभर त्याचा चेहरा मोकळा, हसरा होता, कामोठ्याच्या त्या दुपारसारखा. मग तो विझला. "काही नाही," तो म्हणाला. "धूळ." आणि बराच वेळ काही न करता तिथंच बसून राहिला.

दुसऱ्या दिवसापासून मशीन वेगळंच वागायला लागलं. ओळी यायच्या, पळायच्या, आणि एका ओळीवर अडकून तशाच उभ्या राहायच्या. निनाद तिला बोलावून ती ओळ दाखवायचा, बोट ठेवून वाचायचा, काहीतरी बदलायचा, परत तीच ओळ. ती विचारायची, किती वेळ? तो म्हणायचा, सांगता येत नाही, एकेक करत काढत जायला लागतं. एकेक करत! जणू काही आयुष्य पडलंय! ती गॅलरीत जाऊन कपडे काढायची, वाळले नसले तरी काढायची. मास्तरांचे फोन यायचे, ती घ्यायची, आणि स्वतःच्या तोंडून येणारे शब्द ऐकून तिला शिसारी यायची. "होतंय, मास्तर. शेवटचा हात फिरवतेय." मास्तर म्हणायचे, "घाई नाय वो. पन ती भामाबाय रोज वाटंत धरते मला. जलमभर मिठागरावर मीठ वडलंन, नातीला बसवून आता लिवून घेतलान. इचारते, मास्तर, माजा नाव खरंच येनार का नाय? काय सांगू तिला?" "येणार म्हणून सांगा," चारुता म्हणायची. फोन ठेवल्यावर ती हॉलमध्ये बघायची, तर निनाद शंकरपाळं खात, मान तिरकी करून, कुठल्याशा वायरीला फुंकर घालत असायचा. सुखी. तिच्या हाताची बोटं आपोआप मिटायची.

बुधवारी सकाळी तिचा तोल गेला. कुमुदताई देवापाशी होत्या म्हणून आवाज खाली ठेवावा लागला, आणि खालच्या आवाजात भांडण जास्त लागतं. "आज प्रेसला द्यायचंय," ती म्हणाली. "आज. कळतंय का तुला?"

"प्रयत्न करतोय ना."

"प्रयत्न नको मला! मजा मारतोयस तू. मला दिसतं. हे सुरू झालं की परत दार लावून बसावं लागेल, म्हणून तुला घाई नाहीये." तिला थांबायचं होतं, पण जीभ थांबली नाही. "तुला काम नाही म्हणून माझंही जाऊ दे, असं आहे का?"

निनादनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. अगदी हळू, आवाज न करता. त्याचे कान लाल झाले होते. "पॉवर सप्लाय बघायला हवा," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "हरेशकडे असेल. कामोठ्याला जाऊन येतो." शर्ट घातला, बटणं खालीवर लागली, तशीच ठेवून तो गेला. दार लागल्याचा आवाज आला आणि चारुताला वाटलं, आता मी रडणार. पण रडू आलं नाही. राग एवढा होता की रडण्याला जागाच नव्हती.

ती खाली बसली, त्याच्या जागेवर, वर्तमानपत्रावर. काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. नुसतं त्या खोक्याकडे बघत होती, एखाद्या कोडग्या पोराकडे बघावं तसं. आणि बघता बघता तिला एक गोष्ट खुपायला लागली. पहिल्या दिवशी मशीन विझत होतं. नंतर ते विझत नव्हतं, नुसतं अडत होतं. विझायचं कधी थांबलं? धूळ निघाल्यापासून. मग अडायला कधी लागलं? तिनं कॅबिनेट वळवून पाठीमागे बघितलं. पेनड्राइव्ह होता, पण निळा. ठिपका नसलेला. तिनं तो उपटून हातात घेतला, उलटासुलटा केला. निनाद स्क्रू ठेवायला बडीशेपेचा जुना डबा वापरायचा. तिनं तो उघडला, स्क्रू बाजूला सारले. तळाशी कागदाची घडी होती. घडीत काळा बुटका पेनड्राइव्ह, त्यावर तिच्या नेलपॉलिशचा अर्धा ठिपका. आणि त्याच्याशेजारी तांदळाचा एक दाणा, कुंकवानं लाल, एका बाजूनं घासलेला, पंख्याच्या पात्यात अडकून घासतो तसा.

एवढंच होतं ते. आईंच्या अक्षतांतला एक दाणा जाळीतून आत पडला होता आणि मशीन थंड ठेवणाऱ्या आतल्या पंख्यात अडकला होता. पंखा फिरेना, मशीन तापून स्वतःला विझवत होतं. निनादला ते पहिल्याच संध्याकाळी सापडलं होतं. "अरे!" म्हणाला होता तो याच दाण्याला. दाणा काढला, मशीन बरं झालं, आणि मग या माणसानं, तिच्या नवऱ्यानं, खरा पेनड्राइव्ह काढून लपवला आणि तिथं खोटा लावला. चारुतानं काळा पेनड्राइव्ह खोचला. बटण दाबलं. दिवा, ओळी, आणि मग शांतपणे, काहीच झालं नसल्यासारखं, ते सफरचंद. मागोमाग अंकाची फाइल, जिथं तिनं सोडली होती त्याच पानावर, भामाबाईच्या लेखावर.

हरामखोर, ती मोठ्यानं म्हणाली. मशीनला की त्याला, तिला कळलं नाही. मग तिनं खुर्ची ओढली. दोनदा चुकीची की दाबली गेली. तिसऱ्यांदा तिनं हातावर हात मारला आणि कामाला लागली. "मीठ पिकलं का नाय ते डोल्यांच्या आदी पायांना कलतं," भामाबाई सांगत होती. "पायाखाली कुरकुरलं का समजाचं. मग आमी फावडी घ्यायचो. डोल्यांवर भरवसा ठेवला तं फसतो मानूस." ल चांगला गोल आला होता, पोटभर जेवलेला. चारुतानं दुरुस्त्या घातल्या, मास्तरांनी सांगितलं होतं तसं भामाबाईचं नाव वर मोठ्या अक्षरात घेतलं, सगळ्या अंकाची पीडीएफ केली. पीडीएफ झाली की अक्षरं गोठतात, मग ती कुठल्याही मशीनवर तशीच दिसतात, कुणावर अवलंबून राहावं लागत नाही. तिनं ती प्रेसला पाठवली आणि फोन केला. मिळाली, प्रेसवाला म्हणाला, दुपारी लावतो. मग मास्तरांना. पलीकडे मास्तरांनी नुसतं "बरा झाला, बरा झाला" असं दोनदा म्हटलं आणि कुणालातरी हाक मारली, "गो भामे!" चारुतानं फोन कानापासून लांब धरला. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. अंक गेला होता, आणि राग अजून पूर्ण जागेवर होता. उलट आता त्याला मोकळं रान मिळालं होतं.

ती मशीन चालू ठेवून बसली. पडद्यावर भामाबाईचं नाव, टेबलावर उघडा डबा, कागदावर तो लाल दाणा. येऊ दे त्याला. दारातून शिरल्या शिरल्या पडदा दिसू दे. ती काही बोलणार नव्हती आधी. दाण्याकडे नुसतं बोट दाखवणार होती. मग तो म्हणेल, चारू, ऐक. मग ती म्हणेल, काय ऐकू? मला रोज 'बघ ना जरा' म्हणायला लावलंस. मास्तरांशी खोटं बोलायला लावलंस. बुधवार गेला असता तर काय करणार होतास? आज काढणार होतास का खिशातून, जादूगारासारखा? की उद्या? तिनं मनात शब्द लावले, बदलले, परत लावले, पानावर लावतात तसे. एकेक शब्द बरोबर लागत होता. आज ती मागे हटणार नव्हती. आज मार्चपासूनचं सगळं निघणार होतं, आणि आईंच्या देखत निघणार होतं, ऐकू दे त्यांनाही.

स्वयंपाकघरात कुमुदताई बहिणीशी फोनवर बोलत होत्या. कान जरा कमी, त्यामुळे आवाज मोठा. "निनाद ना? रजा टाकून बसलाय बाई, चारुताचं मशीन उघडून. हो, हॉलमध्येच. इतकं बरं वाटतं. एरवी दार लावून बसतो गं, मी बाहेरून नुसती ऐकत असते. फोन वाजत नाही, बोलल्याचा आवाज नाही. मीटिंग असते म्हणतो. मी विचारत नाही. विचारलं आणि त्यानं सांगितलं तर मग काय करू?" मग त्या थांबल्या. पलीकडची बहीण काहीतरी बोलत असावी. "नाही, हातात हत्यार असलं की अगदी ह्यांच्यासारखा दिसतो. परवा शंकरपाळे मागून घेतलेन. किती महिन्यांनी मागितलंन काही."

चारुतानं कागदावरचा दाणा उचलून मुठीत घेतला. तिला वाटलं होतं की या घरात दोघांना माहीत आहे. मघाशी लावलेले शब्द अजून तोंडात होते आणि एकही चुकीचा नव्हता. निनाद खोटारडा होता, त्यानं तिच्या कामाशी खेळ केला होता, हे उद्याही खरंच राहणार होतं. त्याची गय करावी असं तिला मुळीच वाटत नव्हतं. पण ते शब्द ती बोलली असती तर आईंना ऐकावे लागले असते. ज्या बाईनं इतके महिने न विचारण्याचा एवढा आटापिटा केला, तिला ते सुनेच्या तोंडून, भांडणात, ऐकावे लागले असते. ते सांगायचं काम माझं नाही, चारुताला वाटलं. हेही काम त्यानं माझ्यावर टाकलंय की काय? या विचारानं ती नव्यानं पेटली. उठली, अंकाच्या फाइली डिस्कवर उतरवल्या, मशीन बंद केलं. काळा पेनड्राइव्ह काढला, निळा लावला. दाणा आणि तो ठिपक्याचा पेनड्राइव्ह घडीत घालून घडी डब्यात ठेवली, वर स्क्रू ओतले. हे सगळं करताना तिचे दात घट्ट आवळलेले होते.

लिफ्टचा आवाज आला. निनाद आत आला, हातात जुन्या पॉवर सप्लायचं खोकं, शर्टाची बटणं अजून खालीवर. तिच्याकडे न बघता तो वर्तमानपत्रावर बसला आणि नेहमीच्या सवयीनं कॅबिनेटच्या पत्र्यावर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. हात तिथंच राहिला. पत्रा गरम होता. सकाळपासून बंद असलेल्या मशीनचा पत्रा गरम नसतो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? त्यानं हात उचलला नाही. मान वर केली नाही. त्याचे कान पुन्हा लाल होत गेले आणि चारुता ते बघत उभी राहिली.

"झालं का रे सुरू?" कुमुदताई चहाचा कप घेऊन दारात आल्या.

निनादनं स्क्रूचा डबा जवळ ओढला.

"नाही, आई," चारुता मोठ्यानं, स्पष्ट म्हणाली. "मशीन अजून बंद आहे." कुमुदताईंनी कप खाली ठेवला, एकदा सुनेकडे आणि एकदा मुलाकडे बघितलं, आणि काही न विचारता आत गेल्या. मग चारुता खाली वाकली, त्याच्या कानाशी, आणि अगदी हळू आवाजात बोलली. "अंक गेला. आता तुला दिवाळीपर्यंत मुदत. सुरू तू करायचंस, तुझ्या हातानं, आईसमोर. मार्चचंही तूच सांगायचंस. मी बटणाला हात लावणार नाही." निनादनं मान डोलावली. मग त्यानं स्क्रूड्रायव्हर उचलला आणि जे स्क्रू घट्टच होते ते एकेक करून पुन्हा घट्ट करायला लागला.